कर्जाचे कारण

आमच्या पतसंस्थेच्या कर्जमागणी अर्जावर अर्जदाराचे नाव, वय, पत्ता, धंदा आणि मागणीची रक्कम यांच्या खाली 'कर्जाचे कारण' अशी एक ओळ होती. २७ वर्षे मी त्या ओळीवरची उत्तरे वाचत आले. बहुतेक अर्जांवर तेथे 'घरदुरुस्ती' किंवा 'व्यवसायवाढ' एवढेच लिहिलेले असे, कारण या दोन शब्दांना संचालक मंडळात कोणी हरकत घेत नाही हे अर्ज भरून देणाऱ्यांना ठाऊक होते. खरे कारण अर्जदार सगळ्या सह्या झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता सांगत असे. मिरजेच्या दवाखान्यात आईचे ऑपरेशन आहे, मुलीची सोयरीक जमली आहे, बोअरला पाणी लागले नाही आणि आता दुसरी मारायची आहे. आणि कधी कधी, दाराकडे बघत, आवाज खाली आणून, "आधीच्या एकाचे द्यायचेत." हे शेवटचे वाक्य कानांवर पडले की पुढे काय होणार याचा अंदाज मला येऊ लागला होता. बाकीची कारणे कर्ज घेण्याची असतात. बुडण्याची सुरुवात या एका कारणापासून होते.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. रोजकीर्द आणि खतावणी यांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या हातच्या वहीत प्रत्येक मोठी रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिलेली असे, कारण आकड्यात एक शून्य वाढवता येते, अक्षरात वाढवता येत नाही, असे ते आम्हां भावंडांना सांगत. दुसऱ्याच्या देण्याघेण्याचा हिशेब दिवसभर लिहिणाऱ्या या माणसाने स्वतः कोणाचा रुपया कधी ठेवला नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "अंथरूण पाहून पाय पसरावेत" ही म्हण आमच्या घरी देवाच्या नावाइतक्या सहजतेने उच्चारली जात असे. वडिलांच्या मनात कर्जांची एक उतरंड होती. आजारपणासाठी काढलेले कर्ज समजून घेण्याजोगे, शिक्षणाचे आणि घराचे शहाणपणाचे, लग्नाचे नाइलाजाचे; गाडी, टीव्ही, बारसे, वाढदिवस यांसाठी काढलेले कर्ज मात्र त्यांच्या लेखी अक्षम्य होते, आणि असे कर्ज काढणाऱ्याचा विषय निघाला की ते जेवता जेवता ताटावरून हात मागे घेत. ही उतरंड घेऊनच मी नोकरीला लागले आणि पहिली काही वर्षे तिच्या आधाराने माणसे तोलली.

ती उतरंड चुकीची आहे हे मला कोणी समजावून सांगितले नाही. थकबाकीच्या यादीने दाखवले. एकाच वर्षी आमच्याकडून एका शिक्षकाने आणि एका रिक्षाचालकाने जवळपास सारखीच रक्कम घेतली होती. शिक्षकाने ती मोटारसायकल आणि मुलाच्या वाढदिवसाचा थाट यांसाठी घेतली. पगारातून दरमहा कपात झाली, कर्ज फिटले आणि ते कधी होते हे शेजाऱ्यालाही कळले नाही. रिक्षाचालकाने बायकोचे बाळंतपण अडले म्हणून पैसे उचलले होते. पुढे त्याचाच पाय मोडला, रिक्षा तीन महिने दारात उभी राहिली, हप्ते थकले, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला निघण्यापर्यंत प्रकरण गेले. वडिलांच्या उतरंडीनुसार निर्दोष ठरणारा माणूस बुडाला होता आणि दोषी ठरणारा तरला होता. तरीही गल्लीत चर्चा रिक्षाचालकाचीच झाली. त्याला दिवसाला दोन मावा लागतात, त्याने बायकोला खाजगी दवाखान्यात न्यायलाच नको होते, त्याचा हात पहिल्यापासून सैल आहे, अशी कारणे लोकांनी शोधून काढली. शिक्षकाच्या सवयी कोणी मोजल्या नाहीत. माणूस बुडाल्यावर आपण मागे जाऊन त्याच्या वागण्यात चूक शोधतो, आणि शोधली की प्रत्येकात ती सापडतेच, ही गोष्ट मला त्या यादीने शिकवली. म्हण सांगताना आपण धरून चालतो की अंथरूण प्रत्येकाला पुरेसे मिळालेले आहे. ज्याचे अंथरूण गुडघ्यांपर्यंतच येते, त्याने एरवी पाय आखडून काढलेल्या शेकडो रात्री कोणी पाहिलेल्या नसतात.

पैसे घेताना माणसाला नेमके काय कळते, हाही प्रश्न आहे. आपल्या बाजारात 'टक्का' हा शब्द जागेप्रमाणे अर्थ बदलतो. बँकेत किंवा पतसंस्थेत १२ टक्के म्हणजे वर्षाचे १२. खाजगी देणाऱ्याच्या तोंडी ५ टक्के म्हणजे महिन्याचे ५, म्हणजेच वर्षाचे ६०. अडलेल्या माणसाला घाईत ५ हा आकडा १२ पेक्षा लहान वाटतो, आणि समोरचा त्याची समजूत दुरुस्त करत नाही. वाहनाच्या किंवा वस्तूच्या हप्त्यांत आणखी एक गोम असते. १ लाख रुपये, ३ वर्षे, १२ टक्के सरळ व्याज असे सांगितले की ३६,००० रुपये व्याज मिळवून ३६ हप्ते पाडले जातात आणि महिन्याला साधारण ३,७७८ रुपये पडतात. वरवर पाहता हिशेब बरोबर वाटतो. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावर चाललेले असते. उरलेल्या मुद्दलावर मोजायला बसले तर हाच दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आणि तरीही नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका वरिष्ठांनी कागदावर मांडून दाखवेपर्यंत हा फरक मला उमगला नव्हता. दहावी नापास झालेल्या मुलाला तो शोरूमच्या काउंटरवर उमगावा अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

'कर्जबाजारी' या शब्दाबद्दलही मला काही सांगायचे आहे. तासगाव, मिरज भागांतील द्राक्षबागायतदारांशी आमचा पुष्कळ संबंध येत असे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत बाग रोज पैसे मागते. विकास सोसायटीचे पीककर्ज पुरत नाही, मग औषधाच्या दुकानात उधारी होते, मजुरीसाठी सोने तारण ठेवले जाते. फुलोऱ्यात आलेला अवकाळी पाऊस आणि डाऊनीचा बुरशीरोग यांतून वाचलेला माल व्यापारी उचलतो, थोडी रक्कम हातावर ठेवतो, उरलेल्याचा धनादेश देतो आणि हंगाम संपण्याआधी फोन बंद करून नाहीसा होतो. असे होण्याची बातमी या भागात नवी नाही. अशा शेतकऱ्याला गाव कर्जबाजारी म्हणते. पण त्याच्या वहीची दुसरी बाजू पाहिली तर तो कोणाचा तरी धनको असतो, फक्त त्याचे येणे बुडालेले असते. हेच मी बिल अडकलेल्या लहान ठेकेदाराच्या बाबतीत पाहिले, चार महिने पगार न मिळालेल्या कामगाराच्या बाबतीतही पाहिले. वर कोणीतरी पैसे थकवतो, आणि ती थकबाकी उतरत उतरत ज्याला पुढे ढकलायला कोणी उरलेले नसते त्याच्या दारात येऊन थांबते. दोष त्या दारावर लावणे सोपे असते, कारण तेथे माणूस सापडतो.

आपल्याच भागाच्या इतिहासात या प्रश्नाचा फार गांभीर्याने विचार झालेला आहे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हा त्यांनी प्रामुख्याने मागितली ती कर्जखते, आणि हाती आलेली खते त्यांनी जाळली. त्या उठावानंतर सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, जो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा, खानापूर हा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या कायद्याने न्यायाधीशावर एक काम सोपवले होते. सावकाराने खत पुढे केले तरी त्यावरचा आकडा प्रमाण मानून थांबायचे नाही, तर व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जायचे. हातात प्रत्यक्ष किती पडले, किती परत गेले आणि व्याजाचे मुद्दल किती वेळा करण्यात आले हे तपासून मग देणे ठरवायचे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्यालाही त्या कायद्याने बंदी केली. आपल्याकडे त्याहूनही जुना दामदुपटीचा दंडक होता, की एका वेळी मागायचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला तुरुंगात धाडता येणार नाही; ऐपत असूनही तो अप्रामाणिकपणे देणे टाळतो आहे, हे आधी दिसले पाहिजे. कायद्याने वेळोवेळी स्वतःला घातलेली ही बंधने आपण घरात, गल्लीत, लग्नाच्या मांडवात मात्र कधी पाळत नाही. तेथे आरंभापर्यंत मागे जाण्याची तसदी कोणी घेत नाही.

मीही घेतली नव्हती, आणि ज्या माणसाच्या बाबतीत घेतली नाही ते माझे सख्खे धाकटे काका होते.

काकांची गावभागात पिठाची गिरणी होती, शेजारच्या खोलीत मिरची-कांडप होते. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा गिरणी कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर मोटारी पुन्हा बांधून घ्याव्या लागल्या, पट्टे बदलावे लागले, दगडांना टाकी लावावी लागली, आणि गिऱ्हाइकांनी दळायला ठेवलेल्या धान्याचे पैसेही काकांनी न मागता भरून दिले. हातात आलेली मदत या खर्चाच्या मानाने फारच थोडी होती, म्हणून त्यांनी दोन जामीनदार देऊन एका संस्थेचे कर्ज काढले. पुढच्याच वर्षी चुलतबहिणीचे लग्न आले. ते पुढे ढकलता येण्यासारखे नव्हते, कारण सोयरीक पुराआधीच ठरलेली होती आणि पुरामुळे लग्न लांबवले तर मुलाकडच्यांना परिस्थिती कळेल अशी काकांना भीती होती. त्यांनी भिशी लवकर उचलली, काकूंच्या पाटल्या तारण ठेवल्या आणि लग्न ठरल्याप्रमाणे केले. आम्ही सगळे त्या लग्नाला गेलो होतो, जिलेबी खाल्ली होती, आणि घरी परतताना वडील म्हणाले होते की धाकट्याने एवढा खर्च करायला नको होता.

२००८ च्या उन्हाळ्यात एका दुपारी काका आमच्या शाखेत आले. हातात कागदांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यांना ७५,००० रुपये हवे होते. अर्जावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात 'व्यवसायवाढ' असे लिहिले होते. मी कागद पाहिले. गिरणीचे उत्पन्न पुरेसे नव्हते, आधीचे कर्ज थकलेले होते, नवा जामीनदार मिळण्याची चिन्हे नव्हती. नात्यातला माणूस म्हणून नियम वाकवणे मला मान्य नव्हते आणि ते आजही मान्य नाही. अर्ज नामंजूर करण्याचा माझा निर्णय बरोबरच होता. मी त्यांना तसे सांगितले, चहा मागवला, आणि ते म्हणाले, "बरं बाळ, नियम तो नियम." चहा पिऊन ते उठले. उठता उठता त्यांनी खरे कारण सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. त्या संध्याकाळी मी वडिलांना हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी माझे कौतुक केले, आणि ते मला आवडले होते.

काकांनी त्यानंतर कोणाकडून तरी ६०,००० रुपये महिना १० टक्क्यांनी घेतले. दरमहा ६,००० रुपये ते नुसते व्याजापोटी नेऊन देत. २६ महिने त्यांनी ते दिले, म्हणजे १,५६,००० रुपये, आणि त्यानंतरही मुद्दल ६०,००० जसेच्या तसे उभे होते. दिलेल्या पैशाची एकही पावती नव्हती. घेणाऱ्याकडे मात्र सही केलेला कोरा धनादेश होता. शेवटी त्यांनी गिरणी विकून सगळ्यांचे भागवले आणि दोघे इचलकरंजीला मुलीकडे राहायला गेले. ही सगळी रक्कम मला काकूंनी सांगितली ती काका गेल्यानंतर, दहाव्याच्या दिवशी नदीवरून परत येताना. मी त्यांना विचारले की आम्हांला का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं सांगितलं असतं तर आधी भाऊजींचं बोलणं ऐकायला लागलं असतं, आणि ह्यांना तेवढं सोसत नव्हतं."

या वाक्याने मला जे दाखवले ते मी आजवर विसरू शकलेले नाही. परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय त्याच्या पैशाचा हुकूमनामा देऊ शकत नाही, हे मला २००८ मध्येही माहीत होते; १९४६ च्या सावकारी कायद्यात ते होते. काकांनी एक शब्द सांगितला असता किंवा मी एक प्रश्न विचारला असता तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच आम्ही वकिलाकडे गेलो असतो. ते मागच्या दाराने ६,००० रुपये नेऊन देत राहिले, याचे कारण त्यांना कायदा माहीत नव्हता हे आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की कोणाला कळू न देण्यासाठीच ते पैसे देत होते. त्यांच्या सावकाराजवळ जमिनीचा कागद नव्हता, सोने नव्हते. त्याच्याजवळ तारण होते ते आमच्या मताचे. आम्ही काय म्हणू ही काकांची भीती त्याने गहाण ठेवून घेतली होती, आणि ते तारण त्याला आम्हीच, माझ्या वडिलांनी आणि मी, पुरवले होते.

त्या दिवसापासून वसुलीच्या प्रत्येक पद्धतीकडे मी या नजरेने पाहू लागले आणि सगळीकडे मला हेच तारण दिसले. बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या कंपन्यांची आठवड्याची बैठक एखाद्या घराच्या सोप्यात भरते; एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्यासाठी बसून राहतात, आणि चुलीवर भात ठेवून आलेल्या नऊजणींची नजर ही दहावीची शिक्षा असते. गेल्या काही वर्षांतली मोबाईलवरची कर्जे तर उघडपणे याच पायावर उभी राहिली. अ‍ॅप घेताना फोनमधले सगळे क्रमांक मागितले जात, आणि हप्ता थकला की मामाला, मेहुण्याला, कारखान्यातल्या सुपरवायझरला निरोप जात. फोन करणाऱ्याला मामाकडून पैसे मिळण्याची आशा नसते. मामा काय म्हणेल याची भीती मात्र नक्की कामाला येते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घातले की अशा अ‍ॅपने कर्जदाराचे संपर्क आणि छायाचित्रे यांना हात लावू नये, कर्जाची रक्कम थेट त्याच्या खात्यात जावी, एकूण खर्च आधी लिहून द्यावा, आणि वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. हे नियम आवश्यक होते आणि ते फार पूर्वीच यायला हवे होते. पण बिनपरवाना अ‍ॅपवाले नियम पाळत नाहीत, आणि मामा काय म्हणेल याचा बंदोबस्त रिझर्व्ह बँकेला करता येत नाही. तो मामालाच करावा लागेल.

म्हणून कर्जदाराला कधी दोषच देऊ नये असे माझे म्हणणे आहे काय? तसे नाही. २७ वर्षांत काही माणसांचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एका शाळेच्या शिपायाने मित्राला जामीन म्हणून सही दिली होती. मित्र कर्ज उचलून परगावी गेला आणि शिपायाच्या पगारातून चार वर्षे कपात होत राहिली. त्या चार वर्षांत त्याच्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण मधेच राहिले. तो मित्र नंतर सांगलीत मोटारीतून फिरताना दिसे. त्याची ऐपत होती आणि त्याने ती लपवली. त्याला दोष देताना माझ्या मनात किंतु येत नाही. बायकोला न सांगता तिचे मंगळसूत्र तारण ठेवून त्या पैशाने जुगार खेळणारे पाहिले आहेत. तेथेही माझा राग कर्ज काढल्याचा नसतो. स्वतःच्या देण्याचा भार दुसऱ्याच्या नकळत त्याच्या खांद्यावर टाकल्याचा असतो.

आणि राग धरायचा तर तो कर्जखतावरच्या दोन्ही सह्यांवर धरावा लागेल. मार्चअखेर जवळ आली की थकलेल्या खात्यांचे 'नवे-जुने' कसे होते हे मी आतून पाहिले आहे. जुने कर्ज नव्या कर्जाने भरून घ्यायचे, मधले व्याज नव्या मुद्दलात बसवायचे, आणि ताळेबंद स्वच्छ दाखवायचा. खातेदाराला एक रुपया हातात मिळत नाही, पण त्याचे देणे वाढते आणि वर त्याला सांगितले जाते की संस्थेने त्याच्यावर उपकार केले. त्या कागदांवर शिफारशीच्या जागी माझी सही आहे. अशा किती कागदांवर आहे हे मी मोजलेले नाही, पण ती माणसे आठवतात. न फेडणाऱ्याचे नाव आम्ही सूचना फलकावर लावत होतो. न पेलणारे कर्ज देणाऱ्याचे, त्याची शिफारस करणाऱ्याचे नाव कोठे लागत नसे.

या कामात माझ्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट अशी की बुडत चाललेल्या माणसाला प्रत्येक हप्त्याची तारीख पाठ असते, पण एकूण देणे किती हे त्याला सांगता येत नाही. त्याने ते कधी मोजलेलेच नसते. पाच तारखेचे भागवायचे, मग अकराचे, मग अठराचे, एवढ्यातच त्याचा महिना संपतो. आणि बेरीज करायला बसले तर जे दिसेल ते बघण्याचे बळ एकट्याजवळ नसते. त्याला सल्ला देणारे, बोल लावणारे, त्याच्यासाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. "किती झालंय सगळं मिळून?" असे विचारणारा भेटत नाही, कारण हा प्रश्न विचारला की उत्तर ऐकेपर्यंत बसावे लागते.

निवृत्त झाल्यापासून मी हा प्रश्न विचारते. ओळखीतून ओळख निघत विश्रामबागेतल्या आमच्या घरी अधूनमधून कोणी कागद घेऊन येते. मी पैसे देत नाही, ते मला परवडणारे नाही, आणि हे मी दारातच सांगते. मागच्या महिन्यात एक तरुण आला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तो यंत्र चालवतो, महिना १७,००० रुपये हातात पडतात. त्याने आल्या आल्या सांगायला सुरुवात केली की काकू, माझी चूक आहे, मला कळते आहे. मी त्याला म्हटले की चूक नंतर बघू, आधी मोबाईल आणि कागद बाहेर काढ. दिनदर्शिकेच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही मांडत गेलो. गाडीचे उरलेले ३८,४००. मोबाईलच्या हप्त्यांचे ९,६००. तीन अ‍ॅपचे मिळून ६१,०००. क्रेडिट कार्डाचे ८४,५००. मावसभावाकडून हातउसने २५,०००. कारखान्याबाहेर पैसे फिरवणाऱ्या एकाचे ४०,०००, ज्याच्याजवळ परवाना आहे का असे याने कधी विचारलेले नव्हते. २०१४ च्या कायद्यानुसार त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, हेही त्याला ठाऊक नव्हते. सव्वा तास लागला. बेरीज २,५८,५०० आली.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात चार-साडेचार लाखांचा अंदाज होता. आकडा कमी निघाला म्हणून त्याला आनंद झाला असे मला दिसले नाही; पण सबंध वेळ घट्ट धरून ठेवलेला मोबाईल त्याने पहिल्यांदाच टेबलावर ठेवला. मग आम्ही कोणते आधी फेडायचे ते ठरवले. गाडी विकता येईल असे तोच म्हणाला. कामाला बसने जाता येईल, कार्डाच्या उरलेल्या रकमेबद्दल बँकेत जाऊन हप्ते पाडून मागता येतील, मावसभाऊ थांबेल. हे सगळे झाल्यावर, कागदांची घडी घालताना, त्याने आपण होऊन सांगितले की त्यातले ४०,००० मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळात गेले आहेत. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते, आणि वडिलांनी ताटावरून मागे घेतलेला हातही मला त्या क्षणी आठवला.

घरी सांगितले आहे का, असे मी विचारले. त्याने मान हलवली. वडील नाहीत, आई शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते, तिला यातले काहीच ठाऊक नाही. थोड्या वेळाने त्याने खाडाखोड झालेला तो कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारले की हा पुन्हा एकदा नीट लिहून द्याल का, आई चौथीपर्यंत शिकली आहे, तिला सावकाश वाचता येते, पण अक्षर स्वच्छ लागते. मी आतून रेघांची वही आणली, चष्मा पुसला, आणि एकेक देणे एकेका ओळीवर, आकड्यांखाली आकडे येतील असे लिहिले. कारणांसाठी मी रकाना आखला नाही; ते त्याने तिला तोंडी सांगायचे होते. शेवटी रेघ मारून बेरीज लिहिली आणि तिच्याखाली, वडील लिहीत तसे, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिले: अक्षरी रुपये दोन लाख अठ्ठावन्न हजार पाचशे मात्र.